साठीनंतरचा झोन टू

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पूर्व द्रुतगती मार्गावर पहाटे सराव करणाऱ्या घाटकोपरच्या ज्येष्ठांनी घड्याळातला एक आकडा आधी तपासावा: कमाल नाडी. बरीच घड्याळं ती २२० वजा वय अशी धरतात, पासष्टीला १५५. तानाका आणि सहकाऱ्यांचं २००१ सालचं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, १६२ देतं. म्हणजे जुना हिशेब ज्येष्ठांना उगाच मागे ओढतो. तरीही माणसामाणसांत दहाएक ठोक्यांचा फरक सहज पडतो.

झोन टू म्हणजे कमाल नाडीच्या ६० ते ७० टक्के, इथे १६२ धरून ९७ ते ११३. लांब पल्ल्याचा दम यातच तयार होतो, म्हणून आठवड्यातलं बहुतेक धावणं इथलंच असावं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, रक्त त्वचेकडे वळतं आणि वेग तोच असूनही नाडी चढत जाते. तेव्हा खुशाल चाला. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, ही खूण मला घड्याळाहून भरवशाची वाटते.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना ही सूत्रं लागूच पडत नाहीत; ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. त्यांनी आपले आकडे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.