प्रत उघडून पाहिली का?

रेशनकार्ड, घराचे कागद, पासबुकं कुठे ठेवली आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण फोटो, पत्रं, हिशेब कुठे आहेत असं विचारलं तर उत्तर येतं, ‘संगणकात!’ उद्या तो संगणक सुरूच झाला नाही तर काय, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

२००४ साली माझ्या वडिलांनी आपल्या आठवणी वहीत लिहायला घेतल्या. ते लिहीत आणि मी रविवारी ते संगणकावर उतरवून घेई. पुढे घर बदलताना वह्या रद्दीत गेल्या. ‘असू दे, संगणकात आहे ना,’ असं मीच आईला म्हणालो होतो. २०११ साली हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी ती बंद पडली. यात आश्चर्य काहीच नव्हतं. डिस्कमधली चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावरचा मजकूर वाचणारं टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. असं यंत्र कधीतरी थकणारच.

सुदैवाने एक सीडी सापडली. फाइलही उघडली. पण पडद्यावर वडिलांची वाक्यं नव्हती, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा होत्या. त्या काळी मराठी फॉन्टची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असे. आपल्याला ‘क’ दिसला तरी आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा खूणच साठवलेली असे. फॉन्ट गेला की मराठीही गेली! डीटीपी करणाऱ्या एका मित्राकडे तो जुना फॉन्ट मिळाला आणि मजकूर युनिकोडमध्ये आणता आला. मात्र सीडी २००६ सालची होती. त्यानंतर लिहिलेली दोन प्रकरणं गेली ती गेलीच. पुन्हा सांगायला वडीलही नव्हते.

त्यानंतर मी घरात काही शिस्त लावून घेतली. पहिली गोष्ट, तीन-दोन-एकचा नियम. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात आणि एक प्रत घराबाहेर हवी. माझी तिसरी प्रत बहिणीच्या घरी कपाटात असते. दिवाळीत ती डिस्क येते, नवी भर घालून परत जाते.

दुसरी गोष्ट, जुना संगणक लगेच भंगारात देऊ नका. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेक घरांतली धडधाकट यंत्रं ‘जुनी’ ठरली. त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चालू शकते. माझ्या जुन्या संगणकावर ती घातली आहे आणि सिंकथिंग हा मोफत प्रोग्रॅम घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो तिथे आणून ठेवतो. घरचाच छोटा सर्व्हर म्हणा ना! मात्र तो चोवीस तास चालू ठेवू नका. साठ वॅटचं यंत्र अखंड चालवलं तर महिन्याला ४३ युनिट वीज लागते. रोज तासभर चालवलं तर दोन युनिटही लागत नाहीत. आणि जाणकार मदतीला नसेल, तर हा सर्व्हर घरच्या जाळ्यापुरताच ठेवा. बाहेरून इंटरनेटवरून उघडता येईल अशी सोय करू नका.

तिसरी गोष्ट, दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणं म्हणजे प्रत ठेवणं नव्हे. एका ठिकाणी चुकून फोटो पुसला, तर दुसरीकडचाही पुसला जाऊ शकतो. २०१७ सालच्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात जगभरच्या संगणकांतल्या फाइलींना कुलूप लागलं होतं. असे हल्ले जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. म्हणून प्रत काढून झाली की डिस्कची वायर काढून ठेवा.

चौथी गोष्ट मला सर्वांत महाग पडली. प्रत काढलीत, छान केलंत. पण ती उघडून पाहिलीत का? तीन महिन्यांतून एकदा, शक्यतो दुसऱ्याच संगणकावर, त्यातल्या चार-पाच फाइली उघडा. फोटो दिसतो का, मजकूर वाचता येतो का, पाहा. जुन्या फॉन्टमधलं मराठी लेखन घरात असेल, तर ते युनिकोडमध्ये आजच आणून ठेवा आणि एकदा कागदावरही छापा. कागदाला फॉन्ट लागत नाही.

वडिलांच्या आठवणींची छापील प्रत आता बहिणीकडे आहे, एक माझ्याकडे आहे. शेवटच्या पानानंतर काही पानं मी कोरी ठेवली आहेत. आईला जे आठवतं, ते ती अधूनमधून सांगते. मी ते लिहून घेतो आणि त्याच रात्री प्रत काढतो.