डिस्कविना संगणक : लहान दुकानाला फायदा किती, जोखीम किती?

दुकानात संगणक आला तो हिशेब सोपा व्हावा म्हणून. आज मात्र अनेक ठिकाणी हिशेबापेक्षा संगणकाची देखभालच मोठे काम होऊन बसली आहे. नाशिकच्या मेन रोडवर किंवा रविवार कारंजाच्या आसपास एखाद्या बऱ्यापैकी कापड दुकानात जा. बिलाच्या टेबलावर दोन, मालाच्या नोंदीला एक, ठोक विभागात एक, वरच्या ऑफिसात दोन असे पाच-सहा संगणक सहज दिसतील. प्रत्येकाची डिस्क वेगळी, प्रत्येकाचा बिघाड वेगळा आणि प्रत्येक वेळी तंत्रज्ञाची फेरी वेगळी. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर संगणक बंद म्हणजे निम्मे दुकान बंद अशी अवस्था आहे.

त्यात आणखी एक भर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. मग चालू स्थितीतली यंत्रे भंगारवाल्याला द्यायची की त्यांच्याकडून काम घ्यायचे, असा प्रश्न व्यापाऱ्यापुढे आहे. याला एक जुना आणि कसाला उतरलेला उपाय आहे, तो म्हणजे लिनक्सवर चालणारे डिस्कविना संगणकांचे जाळे. आम्ही कापडाचे व्यापारी, संगणकतज्ज्ञ नव्हे. म्हणून हा विषय व्यापाऱ्याला उपयोगी पडेल एवढाच आणि त्याच भाषेत मांडत आहोत.

एक इंजिन, अनेक माग

जुन्या कापड गिरण्यांत प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर नसे. एक मोठे इंजिन लांबच लांब शाफ्ट फिरवी आणि शाफ्टवरून पट्टे उतरून एकेक माग चाले. डिस्कविना जाळ्याची रचना अशीच आहे. एक दमदार मुख्य संगणक असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. लिनक्स, प्रोग्रॅम आणि हिशेबाच्या फाइली सारे त्याच्याकडे. काउंटरवरच्या यंत्रात डिस्क नसते, किंवा असली तरी वापरली जात नाही. बटण दाबले की ते यंत्र तारेवरून सर्व्हरकडून सगळे मागवून घेते आणि सुरू होते.

ही कल्पना आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९८५ मध्ये नवी दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले आणि पुढे ते देशभर पसरले. खिडकीतल्या कारकुनासमोर पडदा आणि कळफलक, जागांचा सारा हिशेब मात्र दूरच्या मोठ्या संगणकात.

तंत्राचे सुटे भागही जुनेच आहेत. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धत काढली. तिच्यामुळे एका संगणकाची डिस्क दुसऱ्याला तारेवरून आपलीच असल्यासारखी वापरता येते. लिनक्स १९९१ मध्ये आले. तारेवरून यंत्र सुरू करण्याची पीएक्सई ही पद्धत इंटेलने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. १९९९ मध्ये जिम मॅकक्विलन यांनी हे सारे एकत्र बांधून लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी सुरू केले. ते फुकट मिळते आणि आजही वापरात आहे. २०१९ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. आपल्याकडे मुंबईच्या राजेश जैन यांनी या शतकाच्या सुरुवातीला आपल्या नेटकोअर कंपनीतर्फे ‘इमर्जिक फ्रीडम’ या नावाने हाच विचार बाजारात आणला होता. जुनी स्वस्त यंत्रे टेबलावर आणि ताकद मागच्या लिनक्स सर्व्हरमध्ये, असा तो हिशेब होता.

दोन प्रकार नीट ओळखा

खरेदीपूर्वी एक फरक समजून घ्यावा. पहिल्या प्रकारात काउंटरचे यंत्र फक्त चित्र दाखवते आणि प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो. याला थिन क्लायंट म्हणतात. यंत्र अगदी दुबळे चालते, पण सर्व्हर भक्कम लागतो. दुसऱ्या प्रकारात यंत्र लिनक्स तारेवरून घेते, मात्र प्रोग्रॅम स्वतःच्या प्रोसेसरवर आणि स्वतःच्या मेमरीत चालवते. याला फॅट क्लायंट म्हणतात. नव्या एलटीएसपीचा मूळ कल या दुसऱ्या प्रकाराकडे आहे. दहा वर्षांपूर्वीच्या साध्या यंत्रात ४ जीबी मेमरी असेल तर बिल, पत्रव्यवहार आणि ब्राउझर यांना ती पुरते. त्यामुळे सर्व्हरवरचा भारही हलका राहतो.

जुळणी कशी करावी?

सर्व्हरसाठी चांगल्या प्रतीचा संगणक घ्या. ८ ते १६ जीबी मेमरी आणि दोन एसएसडी हव्यात. एकीवर जे लिहिले जाईल ते दुसरीवर आपोआप उमटेल अशी जोडणी करून घ्या. सर्व्हर आणि स्विच यांच्यात गिगाबिट वेगाची तार असावी. एका तारेची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. वायफायवर भरवसा ठेवू नका, कारण सुरू होतानाची पीएक्सईची मागणी सहसा तारेवरूनच जाते.

सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटू चढवावे आणि त्यावर एलटीएसपी, डीएनएसमास्क व एनएफएस सर्व्हर हे तीन मुख्य भाग बसवावेत. दुकानातल्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद करण्याची गरज नसते. राउटर पत्ता देतो आणि ‘सुरू होण्याची फाइल अमुक ठिकाणी आहे’ एवढेच डीएनएसमास्क वरून सांगतो. नंतर एलटीएसपीच्या ‘इमेज’ या आदेशाने सर्व्हरवरच्या लिनक्सची दाबून लहान केलेली एक प्रत तयार होते. सगळी काउंटर हीच प्रत वाचतात. त्यांना ती बदलता येत नाही. यंत्र चालू असताना होणारे तात्पुरते फेरफार त्याच्या मेमरीत राहतात आणि बंद करताच पुसले जातात. कामाच्या फाइली मात्र सर्व्हरवरच्या त्या-त्या माणसाच्या खात्यात जमा होतात.

मराठी आणि उर्दू लिहिण्याची सोय सर्व्हरवर एकदा केली आणि प्रत नव्याने काढली की ती प्रत्येक टेबलावर मिळते. सहा ठिकाणी सहा वेळा तेच काम करावे लागत नाही. बारकोड वाचणारे साधन बहुधा कळफलकासारखेच वागते, त्यामुळे ते अडत नाही. प्रिंटर शक्यतो स्वतःचा नेटवर्क पत्ता असलेला घ्यावा.

अडले तर कुठे पाहावे?

तंत्रज्ञाला फोन करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : एक माग थांबला की सारे थांबले? एकच काउंटर बंद असेल तर दोष त्या पट्ट्यात, म्हणजे तार, स्विचचे भोक किंवा ते यंत्र यांत असतो. सारी काउंटर बंद असतील तर दोष इंजिनात, म्हणजे सर्व्हर, मुख्य स्विच किंवा राउटर यांत असतो. एवढ्या एका प्रश्नाने निम्मा शोध संपतो.

बंद पडलेले यंत्र पडद्यावर सहसा एक खूण दाखवते. ती वाचून लिहून ठेवायला नोकरांना शिकवा.

पीएक्सई-ई ६१ : तार निघालेली किंवा तुटलेली आहे. तार बदलून पाहा, मग स्विचचे भोक बदलून पाहा.

पीएक्सई-ई ५१ : यंत्राने पत्ता मागितला, कोणीच दिला नाही. राउटर बंद आहे किंवा स्विच अडला आहे. महागड्या स्विचमध्ये नवी जोडणी तपासण्यासाठी सुमारे ३० सेकंद लावणारी एक व्यवस्था असते. तोवर यंत्र थकून नाद सोडते. अशा वेळी त्या भोकासाठी ‘पोर्टफास्ट’ चालू करावे. साध्या स्विचला ही अडचण येत नाही.

पीएक्सई-ई ५३ : पत्ता मिळाला, पण फाइलचे नाव मिळाले नाही. सर्व्हरवर डीएनएसमास्क चालू आहे का ते पाहा. वीज जाऊन आल्यावर ही खूण हमखास दिसते, कारण काउंटर आधी जागी होतात आणि सर्व्हर उशिरा. म्हणून आधी सर्व्हर, मग काउंटर हा क्रम पाळावा.

पीएक्सई-ई ३२ : नाव मिळाले, पण फाइल हाती येत नाही. सर्व्हरची फायरवॉल ६९ क्रमांकाचे दार अडवून बसली असावी.

नव्या यूईएफआय यंत्रांवर हे आकडे वेगळे येतात. उदाहरणार्थ ई १६ म्हणजे कामाचे उत्तर कोणाकडूनच आले नाही. त्याच यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तरी गाडी अडू शकते. ते बंद करून पाहावे.

लिनक्स सुरू होऊन मध्येच काळ्या पडद्यावर थांबले तर समजावे की यंत्राला सर्व्हरची डिस्क सापडत नाही. एनएफएस बंद असेल किंवा त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा चालक प्रतीत नसेल.

काही बिघाड यापेक्षाही साधे असतात. नवीन मुनिमाचे खाते सर्व्हरवर उघडते, काउंटरवर उघडत नाही. याचे कारण असे की खात्यांची यादी काउंटरकडे सुरुवातीच्या एका लहान फाइलीतून जाते. नवे खाते काढले की ‘इनिटआरडी’ हा एलटीएसपीचा आदेश द्यावा लागतो. नवा प्रोग्रॅम चढवला तर ‘इमेज’ पुन्हा काढावी लागते. जुने यंत्र रोज तारीख विसरते आणि डिस्कच शोधत बसते, तेव्हा त्याच्या बोर्डावरची बटणासारखी बॅटरी संपलेली असते. कोणी एकाच तारेची दोन्ही टोके स्विचमध्ये खोचली तर सारे जाळे गुदमरते. कोणी मोबाइलसाठी आणखी एक वायफाय राउटर आणून लावला तर दोन राउटर दोन तऱ्हेचे पत्ते वाटू लागतात आणि काही काउंटर चालतात, काही चालत नाहीत. म्हणून स्विचची पेटी कुलपात ठेवावी आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी लावावी.

खरी जोखीम

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विकणारा याबद्दल कमी बोलतो. इंजिन एक असले की ते थांबताच सारे माग थांबतात. वेगवेगळ्या संगणकांच्या काळात एक बिघडला तर पाच चालत होते. इथे सर्व्हर बसला तर ईदच्या किंवा दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले असताना, एकही बिल निघणार नाही. म्हणून काउंटरवर वाचलेला पैसा पूर्ण नफा समजू नये. त्यातला काही भाग सर्व्हरच्या रक्षणासाठी बाजूला काढलाच पाहिजे.

सर्व्हर, स्विच आणि राउटर या तिघांना चांगल्या यूपीएसवर ठेवा. तिघांपैकी एक जरी सुटला तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. एकमेकींची नक्कल करणाऱ्या दोन डिस्का म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदम पुसली जाते. रोज रात्री हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहा. काउंटरच्या यंत्रांपैकी एक थोडे बरे यंत्र निवडून त्यात सर्व्हरची तयार नक्कल ठेवा, म्हणजे वेळ आली तर ते सर्व्हरच्या जागी बसेल. आणि गल्ल्याखाली छापील बिलबुक असू द्या. ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू नाही त्यांना हाताने लिहिलेले बिलही चालते. फक्त त्याच्या क्रमांकांची मालिका वेगळी ठेवावी आणि नंतर ती बिले संगणकात चढवावीत.

कोणी या वाटेला जाऊ नये?

ज्यांचा सारा हिशेब टॅलीवर आहे त्यांनी घाई करू नये. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. त्यासाठी एक विंडोज यंत्र तसेच ठेवून बाकीची काउंटर लिनक्सवर नेता येतात. आपला बिलाचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालत असेल तर अडचण जवळपास उरत नाही. दोनच संगणक असलेल्या दुकानाला मात्र यात फायदा नाही. त्याने दोन्हींवर सरळ लिनक्स चढवावे. आमच्या मते पाच काउंटरांपासून पुढे हा हिशेब जमू लागतो.

आणि सुरुवात हंगामात करू नये. मंदीच्या महिन्यात, एका जुन्या यंत्रावर, एका काउंटरपुरती करावी. पंधरा दिवस ते चालवून पाहावे. मग एके दिवशी दुकान बंद झाल्यावर मुद्दाम सर्व्हरची तार काढावी आणि नक्कल सर्व्हरवर काम उभे राहायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे. तेवढी मिनिटे भर गर्दीत सोसण्यासारखी वाटली तरच बाकीची काउंटर जोडावीत.