नवव्या तासाची तयारी
कच्च्या वाटेवर : भाग ५

गाडी कोणती घ्यायची हा विषय गेल्या भागात संपवला. एक्सपल्स की हिमालयन, हा वाद डोंबिवलीच्या टपऱ्यांवर चालू राहू दे, आपण पुढे जाऊ. राइडला नाव नोंदवलं, पैसे भरले, तारीख तीन आठवड्यांवर आली. इथे बहुतेक जण खरेदीला निघतात. क्रॅश गार्ड, फॉग लाइट, दोन बाजूंना दोन डबे, मोबाइलचं स्टँड, हेल्मेटवर कॅमेरा. गाडी जड होते आणि खिसा हलका. यातली एकही वस्तू दुपारी अडीच वाजता उपयोगी पडत नाही, आणि राइडचा निकाल लागतो तो नेमका तेव्हा.

आपल्याकडची एकदिवसीय राइड साधारण अशी असते. पहाटे साडेपाचला शहाडचा पूल ओलांडून मुरबाड रोड धरायचा. सरळगावला चहा-वडापाव. तिथून किन्हवलीच्या बाजूला वळलं की पाड्यांना जोडणारे मुरमाचे रस्ते, काळू नदीच्या खोऱ्यातल्या बैलगाडीच्या वाटा. मग पुन्हा डांबर, माळशेज घाट, वर खुबी फाटा, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेची काळी माती, ओतूर-जुन्नरकडे एक फेरा आणि संध्याकाळी त्याच घाटाने खाली. अडीचशे-तीनशे किलोमीटर. हायवेवर एवढं अंतर कोणी मोजतही नाही, पण त्यातले सत्तर-ऐंशी किलोमीटर कच्चे असले तर अख्खा दिवस त्यातच जातो.

अडीच वाजता काय होतं ते पाहा. घाटमाथ्यावरच्या ढाब्यावर पिठलं-भाकरी, ठेचा आणि वर दोन ग्लास ताक झालेलं असतं. मांड्या भरून आलेल्या असतात, म्हणून फुटपेगवर उभं राहायचा कंटाळा येतो आणि माणूस सीटवर बसतो. बसला की प्रत्येक दगडाचा दणका कमरेत जातो. हात हँडलला आवळून धरतात आणि नजर वीस मीटर पुढून सरकत सरकत पुढच्या चाकावर येऊन टेकते. गाडी जाते नजर असेल तिकडे, आणि नजर दगडावर असते. पहाटे ज्या चढावर कोणी पडलं नाही, त्याहून सोप्या उतारावर दुपारी तिघं आडवे होतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तयारी नवव्या तासाची करायची. पहिल्या तासात सगळेच शूर असतात.

'कल्याण-शीळ रोडच्या खड्ड्यांतून रोज कामाला जातो, मला काय ऑफ-रोड शिकवता?' हे वाक्य प्रत्येक राइडला कोणीतरी म्हणतंच. विनोद म्हणून ठीक आहे. शहरात आपण खड्डा चुकवतो, ब्रेक दाबतो, पाय खाली टेकतो. कच्च्या वाटेवर या तिन्ही सवयी घात करतात. तिथे गाडीला खड्ड्यावरून जाऊ द्यायचं असतं. गुडघे सैल, कोपर बाहेर, थोडा थ्रॉटल चालू, आणि दगडधोंड्यांत पाय फुटपेगवरच. खाली सोडलेला पाय दगडाला आपटून घोट्यात मुरगळतो, हा या छंदातला अगदी नेहमीचा अपघात. त्यामुळे पहिला खर्च बुटांवर करा. घोटा आणि नडगी झाकणारे बूट, मग गुडघ्याचे आर्मर, मग बाकी सगळं. ट्रेकिंगचे बूट चालतील का, असं विचाराल तर नाही. ते चालण्यासाठी केलेले असतात, दीड क्विंटलची गाडी पायावर पडेल म्हणून नाही.

उरलेल्या तीन आठवड्यांत शरीराचं एकच काम करा : उभं राहणं. रोज उठाबशा काढा, आणि रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये उभ्याने, चालण्याच्या वेगात, इंग्रजी आठचा आकडा काढा. वेग वाढवायचा मोह होईल, तो टाळा. वेगात तोल सगळ्यांनाच सापडतो, कसोटी लागते ती हळू जाताना. उभं राहिल्यावर मनगट वर वाकत असेल तर हँडल किंचित फिरवून घ्या आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली झुकवा. त्यांचे क्लॅम्प अगदी करकचून आवळू नका. हाताने जोर लावला तर फिरतील, एवढेच घट्ट ठेवा. गाडी पडली तर लिव्हर फिरतो, तुटत नाही. पाच मिनिटांचं आणि फुकटातलं काम आहे.

मग गाडी उचलणं. आयोजक हे कधी विचारत नाहीत, पण नवव्या तासाला सगळ्यात जास्त ताकद यातच जाते. नवी हिमालयन १९६ किलोची, एक्सपल्स १६० च्या आतबाहेर. हँडल धरून समोरून ओढणारा दोनदा उचलतो आणि तिसऱ्यांदा कंबर धरून बसतो. नीट पद्धत अशी. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा आणि गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे ती घरंगळणार नाही. हँडल टाकीकडे पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कमरेचा खालचा भाग टेकवा, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागचा कॅरिअर धरा आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाका. सोसायटीच्या आवारात जुनी गादी टाकून गाडी तिच्यावर आडवी करा आणि हे करून पाहा. वॉचमन काय म्हणेल याची काळजी नको, दुसऱ्या दिवशी तोच विचारायला येईल.

आता टायर. एक्सपल्सला पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांचं चाक आहे, आत ट्यूब. तारांचं चाक दगडावर आपटून वाकलं तरी फुटत नाही, म्हणून ते हवंच. पण ट्यूब म्हटली की पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. किन्हवलीच्या आतल्या पाड्यावर पंक्चरवाला नसतो. टायरचा काठ रिमपासून सुटत नाही, इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. चाक जमिनीवर आडवं ठेवा, मित्राची गाडी शेजारी आणा, तिचा साइड स्टँड रिमला न लागता टायरच्या काठावर टेकवा आणि ती गाडी त्या बाजूला कलवा. काठ सुटतो. नवी ट्यूब घालताना तिच्यात जेमतेम आकार येईल एवढी हवा भरा, नाहीतर टायर लिव्हरखाली चिमटून ती तिथेच फाटते. टायर परत चढवताना समोरचा काठ गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ठेवला की शेवटचा वीतभर भाग फारसा भांडत नाही. सोबत एकच ट्यूब न्यायची असेल तर २१ इंची न्या. वेळ पडली तर ती मागच्या चाकातही घालून घरापर्यंत येता येतं. १८ इंची मात्र पुढे ताणून बसवता येत नाही.

कच्च्यावर उतरताना हवा पाच-सात पीएसआयने कमी करतात, म्हणजे टायर पसरून पकड घेतो. यापेक्षा जास्त कमी केली तर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये सापडते. हवा सोडायला सगळे उत्साही असतात, परत भरायला पंप मात्र गटात एखाद्याकडेच असतो. मऊ टायरवर माळशेज उतरायचा, वर अंधार पडत आलेला, समोरून ट्रक, असा प्रसंग का ओढवून घ्यायचा? हातपंप स्वतःचा ठेवा. बाकी गाडीचं थोडक्यात : एअर फिल्टर साफ, चेन कंपनीच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढी सैल, आणि जादा क्लच केबल आत्ताच जुन्या केबलच्या बाजूने ओवून टेपने बांधून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. घाटावर काळी माती ओली असली तर ती पुढच्या चाकाला चिकटलेल्या मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं, म्हणून पावसाळ्यात या राइडच्या वाटेला जाऊच नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हे दिवस चांगले.

सामानातल्या दोन गोष्टींची सक्ती मी करीन. पाठीवर तीन लिटर पाणी आणि ओआरएस, आणि जॅकेटच्या आतल्या खिशात कागदावर रक्तगट, घरचा फोन नंबर, असलेली अ‍ॅलर्जी. मोबाइल लॉक असतो आणि घाटात रेंज जाते. कागदाला दोन्ही अडचणी नाहीत. जेवणाबद्दल सांगून कोणी ऐकत नाही, तरी सांगतो : दुपारी अर्धी भाकरी कमी खा.

आता कंटाळवाणा पण महागात पडणारा विषय, विमा. दुचाकीच्या पॉलिसीत 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' नावाचा परिच्छेद असतो. त्यात कोणत्या वापराला संरक्षण नाही ते दिलेलं असतं. भाड्याने देणं, मालवाहतूक, यांच्या रांगेत आयोजित शर्यत, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल हेही येतं. यातला शेवटचा प्रकार आपल्याकडे जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. १९०४ मध्ये मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई, सुमारे १३०० किलोमीटरची चाचणी ठेवली होती. या देशातल्या रस्त्यांवर मोटार टिकते का, हे पाहायला. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळात, गाडी आणि माणूस दोघांनीही शाबूत पोहोचायचं. आपली राइडही त्याच्या फार जवळ जाते. म्हणून आयोजकाला सरळ विचारा : वेळ नोंदवणार का? क्रमांक काढणार का? बक्षीस आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो सहलीचा गट आहे. एकाचंही 'हो' असेल तर तुमच्या विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्या आणि आयोजकाने वेगळा विमा काढला आहे का ते पाहा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातून मोहावे वाळवंट ओलांडून लास व्हेगासपर्यंत दोन दिवसांची मोठी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबर आणि कच्चं दोन्हींवरची, राइड होते. ती शर्यत नाही, आणि नंबर प्लेट असलेल्या, रस्त्यावर चालवायला परवानगी असलेल्या गाड्याच त्यात घेतात. एमएच-०४, एमएच-०५ वाल्यांनी नमुना तो घ्यावा. डाकार शर्यतीचे व्हिडिओ घरी बघायला आहेत.

आयोजकाला विचारायच्या आणखी दोन गोष्टी. सगळ्यात शेवटी कोण असणार? त्याला स्वीप म्हणतात आणि तो गटातला सगळ्यात चांगला चालवणारा हवा, सगळ्यात नवखा नव्हे. प्रत्येक वळणावर मागचा गडी दिसेपर्यंत थांबायचं हा नियम असेल तर माणूस हरवत नाही. दुसरं म्हणजे वाट कोणाच्या जमिनीतून जाते? शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे, माळशेजच्या वर कळसूबाई-हरिश्चंद्रगड. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तिथे परवानगीशिवाय गाडी घालता येत नाही. उरलेली बहुतेक वाट शेतांच्या कडेने जाते. दिवाळीच्या सुमारास खळ्यांवर भात असतं, रस्त्यावर पेंढा वाळत असतो, आणि तीस गाड्या भात खाचरांच्या बांधावरून गेल्या तर तो बांध शेतकऱ्यालाच पुन्हा घालावा लागतो. ज्यांनी सायलेन्सर बदलून घेतले आहेत त्यांनी घरीच थांबावं. एका गाडीच्या आवाजामुळे पुढच्या वर्षी सगळ्या गटाला तो पाडा बंद होतो, आणि गावकऱ्यांची त्यात काही चूक नसते.

पुढच्या भागात रोडबुक कसं वाचायचं ते पाहू. तोवर या रविवारी तीन कामं करा : पॉलिसी काढून तो परिच्छेद वाचा, मागचं चाक एकदा घरी खोलून ट्यूब बदला, आणि गाडी आडवी करून दोन्ही बाजूंनी उचला. उचलता आली नाही, तर राइड पुढच्या हंगामावर ढकला. पैसे बुडाले तरी चालतील.