पहिल्या तुगऱ्याचा भाव कसा ठरवावा?

आपल्यातील अनेक तरुण-तरुणी आज खत्ताती शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण हात बसल्यावर पहिला तुगरा तयार होतो, कुणी "केवढ्याला देणार?" असे विचारतो, आणि अलिफची उंची नुक्त्यांनी मोजणारा हा कलावंत उत्तर देतो, "द्या काय द्यायचे ते." असे दोन-चार तुगरे गेले की कागद-शाईचेही पैसे निघत नाहीत. घरचे लोक नोकरी बघायला सांगतात आणि कलम कायमचे बाजूला पडते. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे आम्हाला या विषयावर चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अडचण आपल्या अदबीतून येते. कुरआन शरीफच्या बाबतीत आपण 'किंमत' हा शब्द वापरत नाही, 'हदिया' म्हणतो. ही अदब योग्यच आहे. पण काही गिऱ्हाईक तिचाच आधार घेऊन म्हणतात, "अल्लाहच्या कलामाचे काय पैसे घेता?" याचे उत्तर नम्रपणे पण स्पष्ट द्यावे. पैसे कलामाचे नाहीत. कागदाचे, शाईचे आणि मेहनतीचे आहेत. मुसहफ लिहिणारे कातिब पूर्वीपासून उजरत घेत आले आहेत. संगणकावरची साधने येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके बहुतांशी कातिबांच्याच हातची असत. कातिबाला पानामागे दर मिळे आणि त्यावर त्याचे घर चाले. तुगऱ्याला मात्र असा ठरलेला दर नाही, म्हणून हिशोब आपणच मांडला पाहिजे.

हिशोब असा. समजा, १८ × २४ इंचांचा एक तुगरा आहे. कागद, शाई, रंग यांचे ६०० रुपये आणि फ्रेमचे १,४०० रुपये. काम २० तासांचे. तासाला १५० रुपये मजुरी धरली तर ३,००० रुपये. बेरीज ५,०००. त्यावर वाया गेलेले कागद, वीज, जाणे-येणे यांसाठी ५०० रुपये. म्हणजे वस्तू ५,५०० रुपयांना पडली. तिच्यावर चौथाई नफा धरला तर ६,८७५, म्हणजे साधारण ६,९०० रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपले घालावेत. पण मजुरीचा रकाना कुणी रिकामा ठेवू नये. नवशिक्याने मजुरी कमी धरावी, शून्य धरू नये.

आता हाच तुगरा एखाद्या दुकानात किंवा गॅलरीत ठेवला आणि त्यांनी शेकडा ३० दलाली घेतली, तर ६,९०० मधून हाती येतील ४,८३०, म्हणजे मुद्दलापेक्षा कमी. म्हणून दलाली धरून भाव ९,९०० ठेवावा. ती वजा जाता ६,९३० हाती येतात. घरून विकतानाही भाव हाच सांगावा. गिऱ्हाईक आणणे, वस्तू पोहोचवणे हे दुकानदाराचे काम तेव्हा आपण करतो, त्याचाच तो मोबदला आहे. दुकानात एक भाव आणि घरी दुसरा, हे कळले की दुकानदारही तुटतो आणि गिऱ्हाईकही. कुणा नातेवाइकाला सवलत द्यायचीच असेल तर पावतीवर पूर्ण भाव लिहून सवलत वेगळी दाखवावी.

दुकानात माल ठेवणे म्हणजे आपल्या भाषेत जांगड. जांगडचिठ्ठीशिवाय माल सोडू नये. चिठ्ठीत वस्तूचे वर्णन, भाव, दलाली, मुदत, विकल्यावर किती दिवसांत पैसे मिळणार आणि नुकसान झाले तर भरपाई कोण करणार, हे लिहून सही घ्यावी.

ऑर्डरचे काम वेगळे. माप, मजकूर, खत, रंग, दाम आणि तारीख आधी ठरवून वस्तू करवून घेणे, याला हनफी फिकहात इस्तिस्ना म्हणतात. या सर्व बाबी लिहून, निदान निम्मी रक्कम बयाणा घेऊनच कलम उचलावे. मजकूर गिऱ्हाइकाकडून तपासून घ्यावा. वस्तू पूर्ण रक्कम मिळाल्यावरच द्यावी. कापडाचा धंदा उधारीवर चालतो, कारण व्यापारी वर्षभर माल फिरवतो. महिन्याला दोन तुगरे करणाऱ्याला उधारी परवडत नाही.

शेवटची गोष्ट हक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण स्वतःहून केलेली कलाकृती विकली तरी तिचा कॉपीराइट विकला जात नाही. तो देण्यासाठी सहीचा लेखी करार लागतो. म्हणजे विकत घेणाऱ्याला ती परस्पर कॅलेंडरवर किंवा लग्नपत्रिकेवर छापता येत नाही. पण मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा नियम उलटा आहे. वेगळा करार नसेल तर कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा होतो. म्हणून ऑर्डरच्या कागदावर 'छापण्याचा हक्क कलाकाराकडे' ही ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

व्यापारी बांधवांनाही आमची विनंती आहे. दुकानासाठी, घरासाठी तुगरा घ्याल तेव्हा पोराशी घासाघीस करू नका. मजुराची मजुरी वेळेवर देणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती कलमालाही लागू आहे.