टॅक्स लागतो, पण हमी नाही



उसाचा हप्ता खात्यावर जमा झाला की 'बिटकॉइनमध्ये घाला, दामदुप्पट होतील' असे सांगणारे गावात फिरू लागतात. वर ठासून म्हणतात, "अहो, सरकार टॅक्स घेतंय, मग खोटं कसं असेल?" हा मुद्दा नीट समजून घ्यावा.

ब्लॉकचेन म्हणजे व्यवहारांची खतावणी. तिच्या नकला जगभरच्या हजारो संगणकांवर असतात, म्हणून जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. याच वहीवर ठेव, कर्ज, व्याज असे व्यवहार आपोआप चालविणारे प्रोग्रॅम बसविले आहेत. त्याला विकेंद्रित वित्त किंवा डेफाय म्हणतात. तिथे शाखा नाही, मॅनेजर नाही.

आता कायदा पाहू. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर बसला. एका सौद्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ पासून खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. ग्राहकाची ओळख पटविणे आणि संशयास्पद व्यवहार कळविणे त्यांना बंधनकारक आहे.

म्हणजे कायदा गावच्या वेशीवर उभा आहे. रुपये आत जाताना, बाहेर येताना तो नोंद घेतो. वेशीपलीकडे प्रोग्रॅममध्ये खोट निघाली, तर जाब कुणाला विचारणार? वेशीवरचे दुकानही सुरक्षित असतेच असे नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले.

टॅक्सचे म्हणाल तर तो लॉटरीच्या बक्षिसावरही लागतो! कर म्हणजे हमी नव्हे. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. आभासी चलनाला तसा विमा नाही. आपल्या कारखान्याचे दरवर्षी ऑडिट होते, वार्षिक सभेत उभे राहून संचालकांना प्रश्न विचारता येतो. डेफायमध्ये असा प्रश्न विचारायला समोर माणूसच नसतो.

तेव्हा पैसे घालण्यापूर्वी एवढेच विचारा : बुडाले तर दाद कुठे मागायची? उत्तर मिळाले नाही तर सरळ नाही म्हणा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा.