पगारपत्रक आणि भविष्यनिधी

सर्वणचा तरुण डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला, की साधारणतः त्याच्या मूळ वेतनातील १२ टक्के रक्कम दरमहा भविष्यनिधीसाठी कापली जाते. मालकही तेवढीच भर घालतो. तीतला ठराविक भाग १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत जातो. आता हा हिशेब संगणक मांडतो, आणि त्यातून निघालेली यादी पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत निधीच्या दप्तरी पोचावी लागते. या दोन वह्यांना जोडणारा दुवा म्हणजे कामगाराचा बारा अंकी क्रमांक. नाव आणि क्रमांक जुळले नाहीत, तर नोंद अडते. वेतनच कमी लिहिले असेल, तर यंत्र मुकाट्याने तेच पुढे धाडते. म्हणून वेतनाची चिठ्ठी आणि निधीची खातेवही दरमहा ताडून पाहावी. म्हातारपणची भाकरी त्या आकड्यांतच आहे.