दात काढण्याआधी हाडांच्या औषधाबद्दल सांगा

कोणती औषधं? ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी, झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा सलाईन, डेनोसुमॅबचं दर ६ महिन्यांनी इंजेक्शन.

काय होतं? हाडांची झीज थांबते, पण दुरुस्तीही मंदावते. क्वचित दात काढलेली जागा भरत नाही, जबड्याचं हाड उघडं राहतं. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची नोंद २००३ पासून होऊ लागली.

धोका किती? ठिसूळ हाडांसाठी औषध घेणाऱ्यांना फार कमी. कॅन्सरसाठी मोठा डोस घेणाऱ्यांना बराच जास्त.

काय करावं? देहूरोडच्या दवाखान्यात जा किंवा पुण्याच्या, गोळ्यांचं पाकीट, इंजेक्शनची तारीख सोबत न्या. औषध मनानं बंद करू नका. डेनोसुमॅब लांबलं तर मणके मोडू शकतात. जखमेत हाड दिसलं, पू आला, तर लगेच दाखवा.